सत्तरपैकी सत्तर

१

रविवारी चर्चमधून परत आलं, हॅमचं सँडविच आणि बटाट्याचं सॅलड पोटात गेलं, की हार्लन डीट्झ तळघरात उतरायचा. पण त्याआधी हात. कोपरापर्यंत, दोनदा, नखांत ब्रश घालून धुवायचे, टॉवेलला न पुसता हवेवर वाळू द्यायचे, आणि मग पांढरे सुती हातमोजे चढवायचे. एखाद्या कर्मठ सोवळेकऱ्याने याच्याकडे शिकवणी लावावी, असा प्रकार.

घरातल्या बाकी कुठल्याही खोलीपेक्षा ते तळघर स्वच्छ होतं. भिंती पांढऱ्या, फरशी राखाडी. कोपऱ्यात हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र घरघरत असायचं. मधोमध टेबल, त्यावर काळं मखमली कापड आणि एक वाकवता येणारा दिवा. ओहायोतल्या ऑगस्टात बाहेर सदरा पाठीला चिकटतो. इथली हवा मात्र कोरडी आणि बिनवासाची असायची, आणि हार्लनला ती तशीच हवी होती.

कपाटात त्याचे डॉलर होते. खर्चायचे नव्हेत. कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ सरकार चांदीचे डॉलर काढतं, ते. त्यातलं नाणं तज्ज्ञांकडे पाठवायचं. ते भिंगाखाली बघून सत्तरपैकी गुण देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. सत्तर म्हणजे निर्दोष. एकोणसत्तर आणि सत्तर यांतला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही. हार्लनला दिसायचा, किंवा दिसतो असं तो छातीठोकपणे सांगायचा. त्याच्याकडचा एकूणएक डॉलर सत्तरचा होता. देशभरातल्या संग्राहकांच्या यादीत त्याचा नंबर चौथा होता.

त्या रविवारी तो कपाटातल्या चौथ्या खोक्यापाशी आला. २००९चा ब्रेल डॉलर त्याने दिव्याखाली धरला. एका बाजूला लुई ब्रेलचा चेहरा. दुसऱ्या बाजूला पुस्तकावर बोटं टेकवून वाचणारं मूल, आणि त्याच्या वर ब्रेल लिपीतले उठावदार ठिपके, आंधळ्या माणसाला बोटाने वाचता यावेत इतके ठसठशीत.

त्या ठिपक्यांवर मसुरीच्या डाळीएवढं धुकं होतं.

हार्लनने डबी मऊ कापडाने पुसली. धुकं गेलं नाही. उलटी करून पुसली. मग भिंग लावलं आणि त्याच्या लक्षात आलं, की ते बाहेरून नव्हतंच. आतल्या बाजूला, नाण्यावर होतं.

‘दमट हवा,’ त्याने स्वतःला समजावलं. ‘सील कुठेतरी सुटलं असेल.’

वर फोन वाजत होता. हातमोजे काढून, पुन्हा हात धुऊन तो पोचेपर्यंत मुलीचा निरोप नोंदला गेला होता. ‘डॅड, ग्रेचेन बोलतेय. शनिवारी दुपारी येतेय, जूनीला घेऊन. पोर्टलंडच्या घरातली तुझी खोली रंगवून झाली. आता मला हो किंवा नाही हवंय. आणि अट तीच आहे. तू माझ्या पोरीला हातात घ्यायचंस. तुझ्या स्वतःच्या हातात. ते मोजे घालून नाही.’

२

ग्रेचेनची अट उगाच नव्हती. ईस्टरला चार महिन्यांच्या जूनीने त्याच्या खांद्यावर लाळ गाळली होती. एवढीशी लाळ. हार्लनने पोर आईच्या हातात परत दिली, ती एखादी गळकी पिशवी द्यावी तशी, आणि मग तो पाऊण तास न्हाणीघरात होता. बाहेर आला तेव्हा ग्रेचेन गाडीत बसून रडत होती.

त्याचं तरी काय चुकलं म्हणायचं? एकतीस वर्षं त्याने कवळ्या बनवल्या. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, ओले, चिकट, कधी कडेला रक्ताची रेघ, कधी न्याहारीचा कण. सवयीने माणूस निर्ढावतो म्हणतात. हार्लन उलट दरवर्षी थोडा थोडा आकसत गेला. शेवटी त्याला माणूस म्हटलं की ओलसर काहीतरी असंच वाटायला लागलं. चांदीचा डॉलर मात्र कोरडा, थंड आणि बंद.

सोमवारी तो पुन्हा खाली गेला. आठवड्याच्या मधे तो कधी जात नसे. धुकं पसरलं होतं, आणि आता त्यात रेषा होत्या. बारीक, वळणदार, एकात एक गेलेल्या. पिवळसर आणि तेलकट.

बोटाचा ठसा.

त्याने डबी मखमलीवर ठेवली आणि दोन्ही हात मागे घेतले. मग विचार करू लागला. तसं यात नवल नव्हतं. नाणं डबीत जायच्या आधी कुणा गबाळ्याचं बोट लागलं तर तेव्हा दिसत नाही. चांदी हळूहळू काळवंडते आणि दहा-दहा वर्षांनी ठसा वर येतो. या धंद्यातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. त्याने ते मोठ्याने म्हणूनही पाहिलं. मग मिल्टला फोन लावला.

३

मिल्ट कोवाल्चिक नाणेमंडळाचा अध्यक्ष. मंगळवारी सकाळी आला तो साखर भुरभुरलेल्या डोनटांचा खोका घेऊनच.

‘तो वर ठेव,’ हार्लन म्हणाला. ‘आणि हात धू.’

‘धुतो रे बाबा. लग्नात पाद्री एवढ्या अटी घालत नाही.’ मिल्टने बोटं चाटली आणि मग धुतली. त्या चाटण्याचा आवाज हार्लनच्या कानात बराच वेळ राहिला.

खाली मिल्टने डबी दिव्याखाली धरली, भिंग लावलं आणि सवयीने तोंड मिटून घेतलं. उघड्या नाण्यावर बोलायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. थुंकीचा बारीकसा तुषार उडतो आणि चांदीवर कायमचा डाग पडतो. नाणं डबीत असूनही मिल्टने मान बाजूला वळवली आणि मगच बोलला.

‘ठसा आहे खरा. वाईट वाटतं, लेका. गेला तुझा सत्तर.’

‘टांकसाळीतल्या कुणाचा असेल ना? जुना?’

‘असेल.’ मिल्टने पुन्हा पाहिलं. ‘पण गंमत बघ. नाणं उचलताना माणूस चुकून बोट लावतो ते कुठे? कडेला. आणि बहुधा अंगठा. हे अंगठ्याशेजारचं बोट आहे, आणि सपाट टेकवलंय, नेमकं ठिपक्यांवर.’ तो हसला. ‘कुणीतरी वाचलंय की रे हे!’

हार्लनने दिवा आणखी जवळ ओढला.

‘आणि इथे आडवा कापल्याचा व्रण आहे. दिसतो का?’

‘दिसतो.’

‘नेडीनला दिलं होतंस का कधी हातात?’

‘डबीत बंद आहे, मिल्ट. मी स्वतः पाठवून बंद करून आणलंय. नेडीन काय डबीच्या आत हात घालणार होती?’

‘बरं, बरं. अंगावर का येतोस?’ जिन्यात मिल्ट थांबला. ‘मी तेव्हा म्हणालो होतो, माझ्याकडचा एक सुटा ब्रेल डॉलर घेऊन जा तिच्यासाठी. साधा, बिनगुणांचा. माझ्या खणात अजून तसाच पडलाय बघ.’

मिल्ट गेल्यावर हार्लनने जिन्याचा कठडा पुसून काढला.

४

हार्लनच्या बायकोला, नेडीनला जाऊन दहा महिने झाले होते. साखरेने तिचे आधी डोळे नेले, मग पाय, मग ती. डोळे गेल्यावर ती गावच्या वाचनालयात ब्रेल शिकायला लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाड कागदांची चळत घेऊन बसायची आणि उजव्या हाताचं बोट ओळीवरून फिरवायची. खस, खस, खस. साखरेमुळे तिच्या बोटांना भेगा पडलेल्या, त्यांवर कापराच्या वासाचं मलम. पान उलटायच्या आधी ती बोट जिभेला लावायची. मलमाचंच बोट. हार्लन तेव्हा उठून तळघरात जायचा.

एकदा ती म्हणाली, ‘तुझ्याकडे तो ब्रेलचा डॉलर आहे ना? मला वाचायचाय.’

त्याने तो आणला आणि डबीसकट तिच्या हातात दिला.

तिने बोट फिरवलं. इकडून, तिकडून. ‘हे नुसतं प्लास्टिक आहे, हार्लन.’

‘आत आहे तो.’

‘आत आहे तो मला कळलं. पण तो माझ्यासारख्यांसाठीच काढलाय ना? बोट लावायला?’

‘बोट लावलं की सत्तर जातो, नेडीन.’

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ‘मग दुसरा साधा आण एखादा.’

‘आणतो. पुढच्या महिन्यात.’ मिल्टकडचा डॉलर फुकट होता आणि चार गल्ल्या सोडून होता. पण हार्लन गेला नाही. खरं कारण त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. त्या बोटांनी तो डॉलर चाचपडला जातोय, हे चित्रच त्याला सोसत नव्हतं. मग तो डॉलर कुणाचा का असेना.

आणि मग शेवटचा दिवस. इस्पितळातली नर्स म्हणाली, ‘हात धरा त्यांचा.’ त्याने मोजे घातलेच होते. नेडीनने चाचपडत त्याचा उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि त्याचं बोट आपल्या मुठीत धरलं. ओलसर, गरम, भेगाळलेली मूठ. हार्लनने मनात साठ आकडे मोजले. मग बोट हळूच सोडवलं आणि पँटला पुसलं. एकदा, दोनदा, तीनदा. आंधळ्या बाईला काय दिसणार, असं त्याला वाटलं होतं.

‘पुसलंस?’ नेडीन म्हणाली. ‘ऐकू आलं मला.’

त्यानंतर ती बोलली नाही.

तिच्या बोटावर आडवा व्रण होता. घेवड्याच्या लोणच्याची बरणी फुटली होती, तेव्हाचा.

५

बुधवारी हार्लनने ब्रेलची डबी खोक्यात तळाशी घातली, वर दुसरी खोकी रचली आणि कपाटाला कुलूप लावलं. ‘व्रण हजारो लोकांच्या बोटांना असतात,’ तो म्हणाला. लोणची काय एकट्या नेडीनने घातली होती? दिवसभर तो मागच्या अंगणात गवत कापत राहिला. कापून झालेलं गवत पुन्हा कापलं.

गुरुवारी दुपारी जेवताना त्याला तो आवाज आला.

खस. खस. खस.

तो मक्याचं कणीस हातात धरून तसाच बसला. आवाज खालून येत होता. दमटपणा ओढणाऱ्या यंत्राचा पट्टा घासत असेल, असं म्हणत तो जिना उतरला. यंत्र बंद पडलं होतं. हवा जड झाली होती. आवाज कपाटातून येत होता, शांत, सावकाश, ओळीनंतर ओळ वाचत गेल्यासारखा. त्याने कुलूप उघडलं तसा तो थांबला.

दुपारचे दोन वाजले होते. वरच्या झरोक्यातून ऊन आत पडलं होतं. शेजाऱ्याचं कुत्रं भुंकत होतं. असल्या भर दुपारी माणसाने घाबरायचं म्हणजे काय, असं स्वतःला बजावत हार्लनने डबी बाहेर काढली.

ठसा आता एका जागी नव्हता. ठिपक्यांवरून सुरू होऊन तो मुलाच्या पुस्तकापर्यंत फरफटत गेला होता. ओल्या बोटाने ओढावा तसा. आणि नाणं आणि प्लास्टिक यांच्या मधल्या केसभर फटीत एक पातळ, चिकट तार लोंबत होती, बारीकशा बुडबुड्यांची. डबी तिरकी केली की ती ताणायची, सरळ केली की आखडायची.

त्याने पुढची डबी काढली. तिच्या आतही होतं. तिच्या पुढचीतही, जरा फिकट. वाचणारा पुढे सरकत होता.

हार्लन न्हाणीपर्यंत पोचला नाही. मका जिन्यावरच बाहेर पडला.

६

शुक्रवारी सकाळी तो शांत होता. असा शांतपणा माणसाला ओकून झाल्यावर येतो. घाण आहे ना? मग साफ करायची. यात भुतंखेतं कसली आली? प्लास्टिकमधून काहीतरी पाझरतं आणि चांदीवर बसतं, एवढंच. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवलं की तेल, चिकटा सगळं सुटून येतं, आणि चांदीला काहीही होत नाही. पण त्यासाठी डबी फोडावी लागते. डबी फुटली की सत्तर संपला, यादीतला चौथा नंबर संपला. त्या नंबरासाठी त्याने काय काय केलं होतं, आणि काय काय केलं नव्हतं.

त्याने पक्कड ब्रेलच्या डबीच्या कोपऱ्यावर लावली आणि दाबली. कट्.

आतून हवा आली. एवढ्याशा फटीत मावेल त्याहून खूप जास्त. कापराचं मलम, आणि त्याखाली आंबट, बंद तोंडाचा वास. रात्रभर कवळी न काढलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाला येतो तो. हार्लनने श्वास रोखला, नाणं कडेने चिमटीत धरलं आणि काचेच्या वाडग्यात सोडलं.

ॲसिटोन गढूळ झालं. मग नाण्यावरून एक पापुद्रा सुटला आणि दुधावरच्या सायीसारखा वर तरंगला. त्याने तो चिमट्याने उचलला. पातळ, पिवळट, अर्धपारदर्शक. त्यावर रेषा होत्या, एकात एक गेलेल्या, आणि मधून एक आडवी चीर. उजेडात तो चिमट्याच्या टोकावर किंचित मुडपला. ओलं बोट वाळताना आखडतं तसा.

वाळतोय तो, दुसरं काही नाही, हार्लनने स्वतःला सांगितलं. टिपकागदात गुंडाळून त्याने तो संडासात टाकला आणि पाणी सोडलं. पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदाही.

परत आला तेव्हा नाणं वाडग्यात लखलखत होतं. पहिल्या दिवसासारखं. बाकीच्या डब्यांतलं धुकंही विरलं होतं. त्याने ते काढून मखमलीवर ठेवलं, उघडं, डबीबाहेर. खाली कसला आवाज नव्हता की वास नव्हता. हार्लनला वाटलं, आपल्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्याच भरात त्याने ग्रेचेनला फोन लावला.

‘येतो मी पोर्टलंडला.’

‘खरंच? आणि जूनी?’

‘घेईन तिला. मोजे नाहीत. सगळे फेकले.’

‘डॅड, तू माझी चेष्टा करत असशील ना, तर मी तुला तुझ्या नाण्यांसकट जमिनीत पुरेन.’ ती हसतही होती आणि नाकही ओढत होती. त्या नाक ओढण्याची हार्लनला किळस आली नाही. त्याने ते मुद्दाम तपासून पाहिलं. नाही आली.

त्याने खरोखरच कचऱ्याचा डबा उघडून हातमोज्यांच्या सातही जोड्या त्यात टाकल्या.

७

शनिवारी दुपारी ग्रेचेन आली. एका कडेवर जूनी, दुसऱ्या हातात पीचचा केक. जूनी आता आठ महिन्यांची होती. गुबगुबीत, हसरी, कुणाकडेही झेपावणारी. पेट्रोल पंपावरच्या माणसाकडेसुद्धा गेली म्हणे.

‘हं, डॅड,’ ग्रेचेन म्हणाली. ती थट्टेने बोलत होती, पण पोरीला अजून घट्ट धरून होती. ‘धर. चावत नाही ती. दोनच दात आहेत.’

हार्लनने उघडे हात पुढे केले आणि पोर घेतली. वजन, ऊब, डोक्याला दुधाचा वास. हनुवटीवर लाळेचा थेंब होता आणि तो त्याच्या मनगटावर पडला. त्याने पडू दिला. ग्रेचेनने तोंडावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले.

जूनीने त्याच्या उजव्या हाताचं बोट पकडलं. सगळी लेकरं पकडतात तसं.

मग ती थांबली. तिने हसणं बंद केलं. बोट मुठीत धरून ती त्याच्याकडे बघत राहिली, काहीतरी ओळखीचं पण नको असलेलं हाताला लागल्यासारखी. आणि मग तिने मूठ सोडली, हात आपल्या झबल्याला घासला, पुन्हा घासला, आणि तिने असा टाहो फोडला, की ग्रेचेनने तिला ओढूनच घेतलं.

‘अगं, काय झालं? आजोबा आहेत, वेडाबाई!’ तिने पोरीचा हात नाकाशी नेला. ‘डॅड, बोटाला काय लावलंयस? ममचं ते मलम का? कापराचं?’

‘नाही.’

‘अरे, वास येतोय. तसाच.’

‘ते मी मागच्याच वर्षी टाकून दिलं,’ हार्लन म्हणाला. त्याने स्वतः हुंगून पाहिलं नाही. काल ॲसिटोन लागलंय, त्याने बोटं कोरडी आणि थंड पडतात, पोराला तो वास आवडला नसेल. हे सगळं त्याला एका दमात सुचलं.

ग्रेचेनने पिशवीतून ओला रुमाल काढला. जूनीचा तळवा पुसला, मग बोटांच्या मधलं, मग पुन्हा तळवा. ‘होईल तिला सवय,’ ती हसून म्हणाली, आणि पुसत राहिली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तसं पुसणं म्हणजे काय, हे त्या घरात हार्लनइतकं कुणाला कळणार होतं?

‘मी खालचं आवरून येतो,’ तो म्हणाला.

८

नाणं मखमलीवर होतं तसंच होतं. यंत्र बंद. झरोक्यातलं ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलेलं. वर ग्रेचेन जूनीला गाणं म्हणत खेळवत होती आणि केकसाठी बशा काढत होती.

हार्लन खुर्चीवर बसला. एवढी एकच गोष्ट राहिली होती आणि ती त्याला आता फार सोपी वाटली. एवढंच मागितलं होतं बिचारीने. त्याने उघडं बोट पुढे केलं आणि ठिपक्यांवर टेकवलं.

चांदी थंड लागली. ठिपके टोचले. एक, दोन, आणखी. त्याला ब्रेल येत नव्हती. तरी त्याने बोट हळूच पुढे सरकवलं, तिने सरकवलं असतं तसं.

मग ठिपके मऊ पडले.

त्याच्या बोटाखाली, नाण्याच्या जाडीच्या जागी, दुसरं बोट होतं. गरम, ओलसर, भेगाळलेलं. ते टोकाला टोक लावून थबकलं. मग हळूहळू त्याच्या बोटावरून फिरायला लागलं. पेरावरून, नखाच्या कडेवरून, पुन्हा पेरावर. सावकाश, एकही रेषा न सोडता, आंधळं माणूस ओळखीचा चेहरा चाचपतं तसं. हार्लनच्या घशाशी आलं होतं. तरी त्याने हात हलवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा हलवला नाही.

‘नेडीन,’ तो म्हणाला. उघड्या नाण्यावर, तोंड न वळवता. थुंकीचा तुषार चांदीवर पडलेला त्याला दिसला. ‘मीच आहे.’

खालचं बोट थांबलं.

आणि मागे घेतलं गेलं. झटका नाही, घाई नाही. शिष्टाचाराने, समोरच्याला कळू नये अशा बेताने, हळूच सोडवून.

मग त्याला ऐकू आलं. अगदी जवळून, नाण्याच्या पलीकडून. कापडावर बोट पुसल्याचा आवाज. एकदा. दोनदा. तीनदा.

हार्लन खुर्चीवरून उठून उभा राहिला. उजवा हात त्याने अंगापासून लांब धरला होता, कुठेही लागू नये असा, आणि स्वतःच्या त्या बोटाकडे बघून त्याला उमासे येत होते.

‘डॅड!’ वरून ग्रेचेनने हाक मारली. ‘केक कापलाय, ये ना. जूनी शांत झालीये. घे तिला पुन्हा एकदा!’

‘नको,’ हार्लन म्हणाला. ‘तुम्ही जा. पोर्टलंडला जा, मी येत नाही.’

‘काय म्हणालास?’

‘तिला माझ्याजवळ आणू नकोस,’ तो ओरडला. ‘मला अजून हात धुवायचेत.’